सासरेबुवांची कमळा

माझ्या सासऱ्यांसारखा पावसाचा हाडवैरी या पृथ्वीतलावर दुसरा झाला नसेल, आणि असा माणूस परमेश्वराने जन्माला घातला तो नेमका जव्हारात! जिथे मृगापासून हस्तापर्यंत आभाळ जमिनीवर उतरून बसतं, धुकं न विचारता माजघरापर्यंत येतं, पापडाला बुरशी, वहाणांना बुरशी आणि फार वेळ एका जागी बसलं तर माणसालाही बुरशी धरेल असं वाटतं, त्या गावात माझे सासरे संस्थानच्या न्यायकचेरीत शिरस्तेदार होते. बाकीचं गाव पावसाशी जुळवून घेऊन राही. सासरे त्याच्याशी भांडत. "लबाड आहे," ओटीवर उभं राहून आभाळाकडे बघत ते म्हणत, "उघडल्यासारखं दाखवतो आणि पाठ वळली की येतो. याच्यापेक्षा आमच्या कचेरीतले साक्षीदार बरे." भात आणि नागली पिकवणाऱ्या मुलखात पावसाला नावं ठेवणं म्हणजे देवळात बसून देवाला शिव्या देणं, पण त्यांचा कुणाला राग येत नसे, कारण या वैराचं मूळ सगळ्या जव्हारला ठाऊक होतं. त्या मुळाचं नाव कमळा.

कमळा ही बाई नव्हे, हे लग्नाआधी मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नाशकातला शाळामास्तर. शिरस्तेदारांची मुलगी पाहायला म्हणून काकांना बरोबर घेऊन त्र्यंबक, मोखाडा करत घाट बैलगाडीने उतरत, अंगाची हाडं मोजून घेत, थंडीच्या दिवसांत जव्हारला पोचलो. हातपाय धुऊन ओटीवर टेकतो न टेकतो तोच सासरे, म्हणजे तेव्हा ते अजून व्हायचे होते, लगबगीने बाहेर आले आणि म्हणाले, "आधी कमळेला बघून घ्या. ऊन आहे तोवर तिचा रंग कळेल." मी उपरणं सावरलं. काका मात्र चपापले, कारण आम्हाला कळवलेलं मुलीचं नाव मनोरमा होतं. दोन मुली असतील आणि मोठी आधी दाखवत असतील, असा काहीतरी विचार करत आम्ही परसात गेलो.

तिथे एका दगडी जोत्यावर, कुंडीत, ती बसली होती. प्रथम वाटलं भलंमोठं फूल आहे. पण फूल नव्हे, सगळी पानंच. जाड, मांसल, काठाला चुण्या घातलेली पानं एकात एक बसवून कुणी कमळ घडवावं तशी. परातीएवढा घेर. रंग निळसर करडा, त्यावर द्राक्षावर असते तशी पांढरी भुकटी आणि कडेकडेने डाळिंबी छटा. मी नकळत हात पुढे केला.

"हां! हात नाही लावायचा!" सासरे असे ओरडले की काकांनीही हात मागे घेतला. "बोट लागलं की भुकटी निघते, आणि एकदा गेलेली पुन्हा येत नाही." मग त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मुलीच्या बापाने जावयाला विचारायचा एकमेव प्रश्न विचारला. "समजा, हिला तुमच्या घरी पाठवली. पाणी किती घालाल?"

मला झाडातलं काही कळत नव्हतं. प्रवासाने घसा कोरडा पडला होता. मी घाबरून म्हणालो, "ती मागेल तेव्हा."

सासऱ्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी कमळेवर पडता पडता वाचलो. "मुलगी दिली!" ते म्हणाले.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "अहो, मुलगी अजून दाखवलीसुद्धा नाही!"

ही कमळा घरात आली होती ती आरामखुर्चीच्या जागी. नाशकातला एक साहेब नोकरी संपवून विलायतेला निघाला होता आणि त्याच्या सामानाचा लिलाव होता. सासूबाईंनी नवऱ्याला खुर्ची आणायला धाडलं होतं, कारण कचेरीतून आल्यावर ते झोपाळ्यावर आडवे होत आणि मग घरात कुणालाच बसायला जागा उरत नसे. लिलावात खुर्ची होती, चांगली होती; पण तिच्या शेजारी ही कुंडी होती. साहेबाच्या मडमेने मोडक्या हिंदुस्थानीत त्यांना सांगितलं, की ही मूळची मेक्सिकोकडची, दोन जातींचा संकर करून माणसाने घडवलेली; बी पेरलं तर अशीच्या अशी कधी निघायची नाही; आणि हिला दोनच गोष्टी मारतात, पाणी आणि लाड. सासऱ्यांनी खुर्चीकडे पाठ केली ती कायमची.

बैलगाडीत कुंडी ठेवली तर घाटात आदळेल, म्हणून त्यांनी डोली केली. डोलीत कमळा बसली आणि शिरस्तेदार मागून पायी निघाले. भुकटीवर धूळ बसू नये म्हणून डोलीवर स्वतःचं धोतर पांघरलेलं. ही हकिकत मला लखमाने सांगितली. लखमा पोशेऱ्याचा, डोली वाहणाऱ्या दोघांपैकी एक. पुढे तो लावणी उरकली की सासऱ्यांकडे लाकूडफाट्याच्या कामाला येत असे, आणि ही गोष्ट सांगायला लागला की हसून हसून हातातली कुऱ्हाड बाजूला ठेवत असे. पोशेऱ्याच्या पाड्यावर विसाव्याला डोली टेकवली, तर बायका जमल्या. झाकलेली डोली आणि मागे पायी चालणारा पांढरपेशा माणूस, म्हणजे आत नवरी तरी नाहीतर दुखणेकरीण तरी. लखमाची आई पुढे झाली. "बये, तोंड त दाव," म्हणत तिने धोतर उचललं आणि मागे सरली. "आगं, हिला हात नाय, पाय नाय!" पण माणुसकीला चुकणारी ती बाई नव्हती. "नवरी नाय त नाय. लांबून आलीय बिचारी, तहानली असंल," असं म्हणून तिने पाण्याचा तांब्या उपडा केलाच, तेवढ्यात सासरे मध्ये आडवे पडले आणि सगळं पाणी त्यांच्या पगडीवर गेलं.

"मी दादाला निस्तं इचारलं," लखमा सांगे, "का, ह्याची भाजी व्हती का वड्या? त जव्हार येईपातूर दादा माझ्यासंगं बोलला नाय."

घरी सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी डोलीत पाहिलं, नवऱ्याच्या ओल्या पगडीकडे पाहिलं आणि विचारलं, "खुर्ची कुठाय?"

"हिला बसवू आधी," सासरे म्हणाले. "आपलं काय, आपण उभे राहू."

त्या दिवसापासून सासूबाईंनी कमळेला कमळा म्हटलं नाही. त्या तिला 'कोबी' म्हणत. "तुमची कोबी मध्ये येतेय, मला सारवायचंय." "कोबीला ऊन लागतंय, बघा हो." रागावल्या तर "तुमची ती सवत माझी." सासऱ्यांना यातला सवत हा शब्द चाले, कोबी चालत नसे.

तिच्या पायी त्यांनी गावात स्वतःची जी शोभा करून घेतली, तिला सीमा नव्हती. कमळेच्या मुळाशी पाणी साचता कामा नये, म्हणून बुडाला भोक असलेली कुंडी हवी. सासरे कुंभाराकडे गेले आणि म्हणाले, "भोक पाडलेलं मडकं दे रे एक." कुंभाराने चाक थांबवलं, हात पुसले आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरातलं कोन गेलं, रावसाहेब?" कुणी गेलं नाही, झाडासाठी हवंय, असं सांगितल्यावर तो बिचारा आणखीच गोंधळला. भोकाचं मडकं स्मशानात लागतं, एवढं त्याला ठाऊक. "जित्या मान्साच्या घरात मी असलं मडकं देनार नाय. शिरस्तेदार असा का कोनी असा." शेवटी सासऱ्यांनी घरीच खिळा आणि हातोडी घेऊन भोकं पाडायला सुरुवात केली. ते काम त्यांना साधेपर्यंत घरातली बरीचशी मडकी आणि सासूबाईंची लोणच्याची बरणी कामी आली. कुंडीत भरायची माती तरी माती असावी? विटांचा चुरा, वैतागवाडीच्या ओढ्यातली जाड वाळू, कोळशाचे तुकडे आणि नावापुरतं पानांचं खत. सासूबाई म्हणत, "यात निवडुंगसुद्धा उपाशी मरेल."

मग एकदा कमळेच्या पानांच्या बेचक्यांत कापसासारखी पांढरी कीड पडली. मडमेने सांगितलेला उपाय होता, दारूत काडी बुडवून एकेक किडा टिपायचा. सासरे आयुष्यात सुपारीच्या वर व्यसनाला गेले नव्हते. त्यांनी लखमाला बाजूला घेऊन कानात मोहाची मागितली. लखमाने बाटली आणली ती इमानाने धोतरात लपवून, पण जव्हारात लपवलेली वस्तू आधी दिसते. दोन दिवसांत गावभर झालं, की शिरस्तेदार बसले! परसात दुपारच्या वेळी कुंडीपुढे मांडी घालून, शेजारी बाटली ठेवून, डोळे बारीक करून काहीतरी पुटपुटत असलेले ते दोघा-तिघांनी स्वतः पाहिले होते. वरिष्ठांनी बोलावून घेतलं आणि आडून आडून दुःखाचं कारण विचारलं. सासरे म्हणाले, "साहेब, मी पीत नाही. कमळेला पाजतो." हे ऐकून वरिष्ठांनी त्यांना दोन दिवसांची रजा दिली.

पण खरा संसार पावसाळ्यातला. आभाळ भरून आलं, की आधी कमळा परसातून ओटीवर येई, मग ओटीवरून पडवीत, आणि आषाढात चुलीच्या उबेला स्वयंपाकघरात. ओटीवर असेतो तिच्यावर वाऱ्याने तुषार येत, म्हणून सासऱ्यांनी लखमाकडून तिच्या मापाचं इरलं विणून घेतलं होतं. शेतात भातलावणी करणाऱ्या बाया डोक्यावर इरलं घेऊन वाकलेल्या असत, आणि शिरस्तेदारांच्या ओटीवर त्याच पद्धतीचं बुटकं इरलं घेऊन कमळा बसलेली असे. ती उजेडाकडे कलते म्हणून रोज सकाळी ते कुंडी थोडी फिरवत. देवपूजेला बसलेल्या सासूबाई हे बघत आणि म्हणत, "देवाला मी प्रदक्षिणा घालते. हे कोबीला स्वतःभोवती घालायला लावतात."

हे असं चेष्टेने चाललेलं असताना एका श्रावणात जे झालं, त्याची मात्र मी पुढे कधी चेष्टा केली नाही.

त्या वर्षी मनू, म्हणजे माझी बायको, पंचमीला माहेरी जाणार होती. मी तिला पोचवायला गेलो आणि घाटातला ओढा भरल्यामुळे तिथेच अडकलो. सासरे आठवडाभर हिवतापाने अंथरुणाला खिळले होते. नागपंचमीच्या सकाळी ताप उतरला, तसे भिंतीला धरत धरत उठले ते स्वयंपाकघरात कमळेकडे गेले. इतक्या वर्षांत खालची पानं गळून तिला वीतभर उघडी मान निघाली होती. सासऱ्यांनी खालच्या एका पानाला बोटाची मागची बाजू लावली. पान आवाज न करता गळून पडलं. काचेसारखं, पाण्याने भरलेलं. मग दुसरं. मग ते वाकले आणि त्यांनी तिच्या मानेचा वास घेतला. ते वर आले तेव्हा त्यांचा चेहरा तापात होता त्याहून पांढरा होता.

"हिला पाणी कुणी घातलं?"

सासूबाई चुलीपुढे दिंडांचं पुरण घोटत होत्या. त्यांचा हात थांबला. "मी घातलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही अंथरुणावर पडलेले. म्हटलं, यांची कमळा उपाशी राहायला नको. रोज तांब्याभर घालत होते. एक दिवस चुकवला नाही."

मी आणि मनूने एकमेकांकडे पाहिलं. आता घर डोक्यावर घेतलं जाणार, अशी आमची खात्री होती. त्या पहिल्यांदाच तिला कमळा म्हणाल्या होत्या, हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. पण सासरे ओरडले नाहीत. ते पाटावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून. मग गळलेली पानं एकेक करून तळहातावर घेऊ लागले, तसा सासूबाईंचाच धीर सुटला.

"अहो, बोला की काहीतरी. रागवा तरी."

"काय रागवू?" ते म्हणाले. "मायेनं घातलंस गं. तिला तेच सोसत नाही."

सासूबाईंनी पदराने हात पुसले. "आता काय करायचं ते सांगा."

"मान कापायची. कूज जिथवर चढली असेल, त्याच्या वर. डोकं चांगलं निघालं तर सुकवून पुन्हा मुळं धरील. पण आत्ता. ती चढतेय. उद्यापर्यंत डोक्यात शिरेल."

"मग कापा ना."

"आज पंचमी आहे," सासरे म्हणाले.

पंचमीला कुणी काही चिरत नाही, तळत नाही, जमीन खणत नाही, हे सगळ्यांचंच. पण त्या घरात ते नुसतं व्रत नव्हतं. सासूबाईंचा धाकटा भाऊ लहानपणी माळावर साप चावून गेला होता. त्या वर्षीच्या पंचमीला घरात कुणीतरी भोपळा चिरला होता, असं त्यांच्या आईने आयुष्यभर बोलून दाखवलं. आदल्या संध्याकाळीच विळी फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली जाई, आणि दिवसभरात चुकून नखाने देठ खुडलेलाही त्यांना खपत नसे. भिंतीवर गंधाने नाग काढलेले होते. पुढे दूध आणि लाह्या. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता.

मी नव्या मताचा मास्तर. म्हणालो, "मला द्या. मी कापतो. माझा विश्वास नाही."

"तुम्ही जावई," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या हातून करवू होय? आणि यांचे हात बघा कसे कापताहेत."

"राहू दे," सासरे म्हणाले. "झाडच आहे. राहू दे गं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालेलं ऐकून मनूच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी स्टुलावर चढून माळ्यावरची विळी काढली, धुतली, तिला हळदकुंकू लावलं, पायाखाली दाबून बसल्या आणि म्हणाल्या, "आणा तिला."

सासऱ्यांनी कमळेला कुंडीतून उचललं. इतक्या वर्षांत कुणाला बोट लावू न दिलेली ती भुकटी त्यांच्या छातीला, बाह्यांना लागत होती आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी तिला धरली आणि विळीच्या पात्यावरून मान ओढली. काकडी चिरल्यासारखा आवाज झाला. चकतीच्या मध्यात तपकिरी डाग होता.

"अजून वर," सासरे म्हणाले.

दुसरी चकती. डाग लहान झाला, पण होता.

"अजून."

"अहो, आता मानच संपतेय."

"अजून एक. फक्त एक."

सासूबाईंनी डोळे मिटले आणि अगदी पानांच्या तळाशी पातं लावलं. त्यांनी डोळे उघडायच्या आधीच आम्हाला दिसलं होतं. स्वच्छ, हिरवट पांढरी चकती, कुठे एक ठिपका नाही. सासरे नुसतेच मान हलवत होते. मग सासूबाई उठल्या, दुधाचं भांडं शिंक्यातून खाली काढून त्यांनी ते जमिनीवर ठेवलं, आणि मांजर बघत असताना त्या रिकाम्या शिंक्यात कमळेचं डोकं ठेवलं, चुलीच्या कोरड्या धगीला. मग हात धुऊन त्या भिंतीवरच्या नागांपुढे जाऊन बसल्या. त्यांचं पुटपुटणं आम्हाला ऐकू यायला नको होतं, पण घर लहान होतं.

"नागोबा, राग धरायचा तर माझ्यावर धर," त्या म्हणत होत्या. "घरातल्या दुसऱ्या कुणावर नको."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. सासरेही जेवले नाहीत. ताप आहे, म्हणाले. ताप नव्हता. आणि त्यानंतर ओढा उतरेपर्यंत मी तिथे होतो, तोवर मी रोज एक दृश्य पाहिलं. दिवेलागणीला सासूबाई लाकडांच्या ढिगामागे, धान्याच्या कणगीमागे, अंथरुणांखाली बघत फिरत आणि त्यांच्या पुढे, हातात कंदील आणि काठी घेऊन, अजून पाय लटपटत असलेले सासरे चालत. एरवी हा माणूस कुठल्याही अडचणीत बायकोच्या मागे उभा राही. "हे बघ, इथे काही नाही," ते प्रत्येक कोपऱ्यात कंदील खुपसून सांगत. "इथेही नाही. चल." मागे राहिलेली मनू नंतर म्हणाली की पुढे सगळा श्रावण हे असंच चाललं.

भाद्रपदात एका सकाळी सासरे शिंक्याखाली उभे राहून मोठ्याने ओरडले, "अगं, आली! आली!" परसात असलेल्या सासूबाईंनी नाग आला असं ऐकलं आणि हातात होतं ते मुसळ घेऊन धावत आल्या. नाग नव्हता. कमळेच्या कापलेल्या तळाला केसांसारखी बारीक, गुलाबी मुळं फुटली होती. सासूबाई मुसळ टेकून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोबीच ती. मरते कसली!"

पंचमीला मान कापताना निघालेली जी धड पानं सुपात काढून ठेवली होती, त्यांतली बहुतेक सुकून गेली, पण एकदोनांच्या देठाशी नखाएवढी पिल्लं धरली. पूर्वी एक पान कुणाला न देणाऱ्या सासऱ्यांनी पहिलं पिल्लू सासूबाईंना दिलं. त्यांनी ते एका गळक्या तपेल्यात खोचलं, आणि कामाच्या धबडग्यात विसरून गेल्या. ते सगळ्यांत छान वाढलं. सासऱ्यांनी याचा कधी उल्लेख केला नाही.

सासूबाई गेल्या त्या पुढे काही वर्षांनी, पौषातल्या एका कडाक्याच्या थंडीत, छातीच्या दुखण्याने. साप त्या घरात कधी आला नाही. सासरे पेन्शनीत निघाले होते. मनूने हट्ट धरला आणि आम्ही त्यांना नाशकाला घेऊन आलो. बैलांच्या धमणीत गवत अंथरून मध्ये कमळा, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी.

नाशकाच्या कोरड्या हवेत कमळा अशी काही फोफावली, की बघत राहावं. अंगणातल्या भिंतीकडेला ठेवली, तेवढंच. दोन वर्षांत जव्हारला तिने कधी धरला नव्हता असा घेर धरला, थंडीत सगळी लालबुंद झाली, पिल्लांनी कुंडी भरून गेली. ना इरलं, ना शिंकं, ना काडीने टिपायची कीड. येणारे-जाणारे कुंपणापाशी थांबत. आणि सासरे? सकाळी उठून ते तिच्यापाशी जाऊन उभे राहत, मागे हात बांधून. मग ओटीवर येऊन बसत. दुपारी पुन्हा जात. पुन्हा येऊन बसत. त्यांच्यासाठी मी मुद्दाम घेतलेल्या आरामखुर्चीवर ते बसले नाहीत; ती भिंतीशी तशीच राही.

एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "जावईबापू, इथली हवा फार चांगली आहे." सूर तक्रारीचा होता.

"मग बरंच झालं की," मी म्हणालो.

"तेच सांगतोय. सकाळी जातो, ती ठीक असते. दुपारी जातो, ठीक असते. मी करू काय?" मग म्हणाले, "तिकडे रोज काहीतरी बिघडायचं. बिघडलं की मनूची आई बोलायची."

दिवाळी झाल्यावर त्यांनी जव्हारला परत जायचं काढलं. आम्ही पुष्कळ समजावलं. मोठी कमळा न्यायलाही ते तयार होईनात. "इथे सुखी आहे ती. राहू दे," म्हणाले, आणि पिल्लांमधलं एक किरकोळ पिल्लू निवडून घेतलं. धमणी दाराशी उभी होती. मनूचा धीर सुटला. ती म्हणाली, "अण्णा, तिकडे आता तुम्हाला कोण आहे?"

सासरे मांडीवरचं पिल्लू सारखं करत होते. "पाऊस आहे," ते म्हणाले.

ते पिल्लू श्रावणात कुजलं. हे त्यांनी स्वतः दिवाळीला येऊन सांगितलं, आणि सांगताना ते मला किती तरी दिवसांनी तरतरीत वाटले. बाही सावरून, हातवारे करत, त्यांनी पावसाने कुठून कसा दगा दिला ते मनूला समजावलं. "आता कळलं मला त्याचं. पुढल्या वर्षी वाचवतो बघ." जाताना दुसरं पिल्लू घेऊन गेले. तेही गेलं. मग तिसरं. दर दिवाळीला ते असे हरून, ताजेतवाने होऊन येत, चार दिवस राहत, मोठ्या कमळेकडे एखादी चक्कर टाकत, आणि नवं पिल्लू घेऊन घाटाच्या वाटेला लागत. मनू आधीच एक पिल्लू वेगळं काढून लहान कुंडीत तयार ठेवत असे.

एका दिवाळीला ते आले नाहीत. त्यांच्याऐवजी लखमा आला, पायी, आणि कुंपणाच्या दाराशीच थांबला. त्याला काही सांगावं लागलं नाही.

मनूने त्या वर्षी काढून ठेवलेलं पिल्लू बरेच दिवस ओटीच्या कडेला तसंच राहिलं. नंतर आम्ही ते अंगणात लावलं. छान वाढलं. नाशकात सगळीच वाढतात.